जातीची फाईल जाड, कामाची फाईल रिकामी

आपल्या समाजातल्या कुठल्याही घरात जा. घर पत्र्याचे असो की स्लॅबचे, एक वस्तू तिथे हमखास सापडेल. ती म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेली कागदपत्रांची फाईल. त्या फाईलमध्ये आजोबांच्या नावाचा शाळेच्या रजिस्टरचा उतारा असतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकाची नक्कल असते. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, सगळे एकावर एक रचलेले. पावसाळ्यात घर गळू लागले तर आई आधी ती पिशवी उचलते, मग भांडी!

मी वकील आहे. ही फाईल तयार करून देण्यात माझ्या वकिलीची अनेक वर्षे गेली. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा कुठे मिळेल, तहसील कचेरीतला जुना अभिलेख कोणत्या अर्जावर निघतो, पडताळणी समितीपुढे वंशावळ कशी मांडायची, हे सांगता सांगता माझे केस पिकले. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ स्पष्ट सांगते की, आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. म्हणून आपण सिद्ध करत आलो. आपल्या लेकरांची जातीची फाईल दोन बोटे जाड झाली. पण त्या लेकराने शिकताना काय केले, त्याला काय येते, याची फाईल कुठे आहे?

हा प्रश्न मला एका मुलीमुळे पडला. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली ही मुलगी वैधता प्रमाणपत्राच्या कामासाठी माझ्याकडे आली होती. बोलता बोलता मी विचारले, दोन वर्षांत फिल्डवर्क काय केलेस? ती सांगू लागली तेव्हा मी हातातले पेन खाली ठेवले. ऊसतोड कामगारांच्या पालांवर जाऊन तिने घरोघर माहिती गोळा केली होती. स्थलांतरामुळे कोणत्या मुलांची शाळा कोणत्या महिन्यात सुटते याचा तक्ता केला होता. त्या तक्त्याच्या जोरावर मुख्याध्यापकांशी भांडून काही मुलांना पुन्हा वर्गात बसवले होते. मी म्हटले, "बाळ, तो अहवाल मला वाचायला दे." ती म्हणाली, "सर, तो कॉलेजात जमा केला. माझ्याकडे कॉपी नाही. तोंडी परीक्षा झाल्यावर सगळ्यांचे अहवाल एका खोलीत टाकतात. आता रद्दीत गेला असेल."

त्याच महिन्यात एका संस्थेत तिची मुलाखत झाली होती. तिथे तिला काय विचारले? वडील काय करतात, आडनाव कुठल्या भागातले, घरी कोण कोण शिकलेले आहे. तिच्या हातात गुणपत्रिका होती आणि जातीची फाईल होती. तिने केलेले काम तिच्या हातात नव्हते. नोकरी मिळाली नाही. का मिळाली नाही, हे न्यायालयात सिद्ध करता येणार नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. पण ज्या वस्तूकडे बोट दाखवून तिला म्हणता आले असते की, "माझ्या वडिलांचे राहू द्या, आधी हे बघा," ती वस्तू रद्दीत गेली होती, एवढे मात्र खरे.

ई-पोर्टफोलिओ म्हणजे काय?

त्या वस्तूला जगभरच्या उच्च शिक्षणात ई-पोर्टफोलिओ म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. चित्रकार आपली चित्रे एका मोठ्या फोल्डरमध्ये घालून दाखवायला नेतो. आर्किटेक्ट आपले नकाशे नेतो. सुताराने केलेली चौकट पाहिली की त्याला प्रमाणपत्र विचारावे लागत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? हीच रीत संगणकावर आणि मोबाईलवर आणली की झाला ई-पोर्टफोलिओ. विद्यार्थ्याने केलेले प्रकल्प, निबंध, सर्वेक्षणे, भाषणांच्या चित्रफिती, प्रयोगशाळेतल्या नोंदी, शिक्षकांनी दिलेले शेरे, हे सारे तारीखवार एका ठिकाणी ठेवायचे. पण नुसते साठवले तर ते गोदाम होते. त्यातून निवड करायची. निवडलेल्या प्रत्येक कामाखाली चार ओळी लिहायच्या की, हे मी का केले, कुठे चुकलो, काय शिकलो, पुन्हा करायचे झाले तर काय बदलेन. जमवणे, निवडणे, विचार करणे आणि एका कामाचा दुसऱ्याशी संबंध जोडणे, या चार पायऱ्यांशिवाय पोर्टफोलिओ होत नाही.

यातली तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या विद्यापीठांत विद्यार्थी तीन वर्षे शिकतो, तरी "तू काय शिकलास?" हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. "किती मिळाले?" एवढेच विचारतात. ज्याच्या घरी शिकलेले आईवडील आहेत, त्याला हा प्रश्न जेवताना विचारला जातो. बोलता बोलता त्याला आपल्या शिक्षणाविषयी बोलण्याची सवय लागते आणि पुढे मुलाखतीत तीच सवय कामी येते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती संधी घरात मिळत नाही. त्याच्याकडे बुद्धी असते, कष्ट असतात, पण आपल्या कष्टांची गोष्ट सांगण्याचा सराव नसतो. पोर्टफोलिओ लिहिताना तो सराव होतो.

न्यूयॉर्कच्या एका गरीब कॉलेजची गोष्ट

हे सगळे श्रीमंत विद्यापीठांचे चोचले आहेत, असे कुणी म्हणेल. म्हणून एक उदाहरण मुद्दाम देतो. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज आहे. १९७१ साली सुरू झालेले हे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे सार्वजनिक कॉलेज. इथे शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरांतले, अनेक जण स्थलांतरित, कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही, कित्येक जण घरातून कॉलेजात गेलेले पहिलेच. अशा कॉलेजने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ई-पोर्टफोलिओ हाती घेतला. विद्यार्थी आपल्या पानावर आपला देश, आपले घर, आपला प्रवास आणि आपले वर्गातले काम एकत्र मांडू लागले. संगणक येत नाही म्हणून कुणी मागे पडू नये यासाठी त्याच कॉलेजातल्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांना मदतनीस म्हणून नेमण्यात आले. पोर्टफोलिओ हा वर्गाबाहेरचा जादा उपद्व्याप न ठेवता अभ्यासक्रमाचा भाग करण्यात आला.

पुढे २०११ ते २०१४ या काळात या कॉलेजच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या चोवीस संस्थांनी एकत्र येऊन हे काम केले. जिथे ते नीट राबवले गेले, तिथल्या संस्थांनी उत्तीर्ण होणाऱ्यांचे आणि शिक्षण मध्येच न सोडणाऱ्यांचे प्रमाण सुधारल्याची नोंद केली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालये व विद्यापीठांच्या संघटनेने विद्यार्थ्यांवर मोठा परिणाम करणाऱ्या शिक्षणपद्धतींच्या यादीत ई-पोर्टफोलिओला अकरावे स्थान दिले. वकील म्हणून मी इथे एक सावधगिरीची नोंद करतो. जे कॉलेज असे काही मनापासून राबवते, तिथे चांगले शिक्षक आणि इतर मदतही असतेच. तेव्हा सगळे श्रेय एकट्या पोर्टफोलिओला देता येणार नाही. परंतु गरिबांच्या कॉलेजात हे होऊ शकत नाही, हा युक्तिवाद मात्र लाग्वार्डियाने निकालात काढला आहे.

खर्चाचाही बाऊ नको. न्यूझीलंडच्या काही विद्यापीठांनी सरकारी अर्थसाहाय्यातून २००६ साली 'माहारा' नावाची प्रणाली तयार केली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ विचार करणे असा आहे. ती मुक्त स्वरूपाची आहे. कोणतेही विद्यापीठ परवान्याचे शुल्क न भरता ती आपल्या सर्व्हरवर बसवू शकते.

आडनाव आधी की काम आधी?

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येऊ. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदारांची पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुस्लिमांची. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण ०.६७ भरले, मुस्लिम नावाला ०.३३. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांत माणसे निवडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे अधिकारी गुणवत्तेच्या गोष्टी बोलत होते आणि त्याच श्वासात उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' पाहिल्याशिवाय राहत नाही, असेही सांगत होते.

यावरून कुणी विचारेल, पात्रता सारखी असूनही नावाने घात केला, तर तुमचा पोर्टफोलिओ काय दिवे लावणार? प्रश्न रास्त आहे. पोर्टफोलिओने जात जात नाही. ज्याला नाकारायचेच आहे तो शंभर पाने पाहूनही नाकारील. पण माझा अनुभव असा की, समोरच्याकडे माहिती जितकी कमी, तितकी पूर्वग्रहाला जागा जास्त. दोन पानांच्या बायोडेटात पदवी, टक्के आणि आडनाव एवढेच असते. दोघांची पदवी सारखी, टक्के सारखे, मग उरते काय? आडनावच उरते! तिथे त्या मुलीचा ऊसतोड कामगारांच्या मुलांचा तक्ता असता, तर निदान विचारायला दुसरा प्रश्न असता. नाकारणाऱ्याला नाकारण्यासाठी अधिक कष्ट पडले असते. आणि सगळेच नाकारायला बसलेले नसतात. ज्याला खरोखर काम करणारा माणूस हवा आहे, त्याच्यापर्यंत आपले काम पोहोचत नाही, हेही आपले नुकसानच आहे.

इथे आपल्या मुलांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. एखादा मुलगा पाच वर्षे विहारात रविवारची अभ्यासिका चालवतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलची सारी व्यवस्था पाहतो, हजारो रुपयांचा हिशेब चोख देतो. व्यवस्थापनाचा याहून चांगला दाखला कोणता? पण हे पोर्टफोलिओत लिहिले की जात कळते. लिहावे की लपवावे? 'लपवा' असा सल्ला मी कधीच देणार नाही, लपवून जगण्यासाठी आपण शिकलो नाही. पण रणनीती आणि लपवाछपवी यांत फरक आहे. पोर्टफोलिओचे दोन दरवाजे असतात. आतला दरवाजा आपला आणि आपल्या शिक्षकांचा. तिथे सर्व काही ठेवा, चुकांसह ठेवा, कारण चूक लिहिल्याशिवाय शिकणे होत नाही. बाहेरचा दरवाजा नोकरी देणाऱ्याचा. तिथे काय दाखवायचे, हे त्या नोकरीकडे पाहून ठरवा. कुठे अभ्यासिका आधी दाखवावी लागेल, कुठे हिशेबाचे कौशल्य. निर्णय उमेदवाराचा असला पाहिजे, संगणकाचा किंवा कॉलेजचा नव्हे.

संगणकाचे नाव मुद्दाम घेतले. आजकाल मोठ्या कंपन्यांत हजारो अर्ज माणूस वाचत नाही, यंत्र चाळते. २०१८ साली उघड झाले की अ‍ॅमेझॉन कंपनीने अशी एक प्रणाली करून पाहिली होती आणि ती महिलांच्या अर्जांना खालचे गुण देऊ लागली होती. कारण तिला शिकवण्यासाठी वापरलेले जुने अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. कंपनीला ती गुंडाळावी लागली. यंत्राला जात शिकवावी लागत नाही, जुन्या निवडींची यादी दिली की ते आपोआप शिकते. म्हणून पोर्टफोलिओ माणसाने वाचावा, ही मागणी आपण सोडता कामा नये.

बाबासाहेबांचा सेमिनारमधला निबंध

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये एका विद्यार्थ्याने एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब. मे १९१७ मध्ये तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला, म्हणून आज आपल्या हातात आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या विचारांचा हा एक पाया त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या वर्गकामातून आलेला आहे! आणि त्याच १९१७ साली ते लंडनहून परतत असताना त्यांच्या ग्रंथांचे वेगळे पाठवलेले सामान बोटीबरोबर समुद्रात गेले. महायुद्ध सुरू होते. एकीकडे छापलेला निबंध वाचला, दुसरीकडे जमवलेला ठेवा बुडाला. विद्यार्थ्याचे काम जपणे म्हणजे काय आणि गमावणे म्हणजे काय, हे समजायला आणखी कोणते उदाहरण हवे?

आपल्या कॉलेजांच्या त्या कुलूपबंद खोल्यांत किती निबंध, किती सर्वेक्षणे रद्दी होऊन पडली असतील? आपल्याच वस्त्यांविषयी, आपल्याच माणसांविषयी, आपल्याच मुलामुलींनी लिहिलेले ते कागद आहेत. ते गेले की समाजाचा अभ्यासही जातो.

सरकारने काय केले?

कागद जपण्याच्या बाबतीत सरकारने काही पावले टाकली आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१५ साली डिजिलॉकर आले. २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन डिजिलॉकरमार्फत मिळालेल्या दस्तऐवजांना मूळ कागदाच्या बरोबरीचे स्थान मिळाले. ज्यांच्या झोपड्यांतून २६ जुलै २००५ च्या पुरात दाखले वाहून गेले, त्यांना याचे मोल विचारा. थकलेल्या फीपोटी मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्या कॉलेजांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली अधिसूचना काढून मनाई केली. तरीही शिष्यवृत्तीची रक्कम आली नाही म्हणून दाखला दिला नाही, अशी तक्रार घेऊन मुले आजही माझ्याकडे येतात. तेव्हा ती अधिसूचनाच मी नोटिशीला जोडतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर जुलै २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट्स तिच्या खात्यात जमा होतात, एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतात. शिक्षण मध्येच सोडावे लागलेल्यांना याचा उपयोग आहे. पण ही बँक आणि पोर्टफोलिओ एक नव्हे. बँकेत आकडा दिसतो. तो आकडा कोणत्या घामाचा आहे, हे दिसत नाही. समाजकार्याच्या फिल्डवर्कची चार क्रेडिट्स पालावर रात्र काढणाऱ्या मुलीलाही मिळतात आणि इतरांचे पाहून अहवाल उतरवणाऱ्यालाही मिळतात. आकड्यात दोघे सारखे!

धोके ओळखा

पोर्टफोलिओची आरती ओवाळण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्यातले धोकेही सांगितले पाहिजेत.

पहिला धोका असा की, हे नवे 'मेरिट' होऊन बसेल. ज्याच्या काकांची कंपनी आहे त्याला इंटर्नशिप घरबसल्या मिळते. बिनपगारी सहा महिने पुण्या-मुंबईत राहणे ज्याला परवडते, त्याचे पान चकचकीत होते. पैसे देऊन दुसऱ्याकडून सजवून घेतलेले पोर्टफोलिओही येतील. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! म्हणून पोर्टफोलिओत सजावटीला नव्हे तर विचाराला गुण हवेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाबरोबर बांधकामावर गेलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने तिथल्या काँक्रीटविषयी लिहिले, तर ते इंटर्नशिपइतकेच मोलाचे धरले पाहिजे.

दुसरा धोका शिक्षकांचा. साठ विद्यार्थ्यांची चिंतने वाचून शेरा द्यायला माणूस लागतो. आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर. ज्याला तासावर पैसे मिळतात आणि तेही वेळेवर मिळत नाहीत, तो साठ फाइली कधी वाचणार? वाचणारा नसेल तर पोर्टफोलिओ म्हणजे आणखी एक जर्नल. एकाने लिहायचे आणि सर्वांनी उतरवायचे. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. चिंतनसुद्धा यंत्राकडून लिहून घेता येते. त्यावर उपाय एकच. अंतिम प्रतीबरोबर कच्चे खर्डे, जागेवर टिपलेल्या नोंदी ठेवायच्या आणि शिक्षकाने समोर बसवून दोन प्रश्न विचारायचे. पुन्हा शिक्षक आलाच. म्हणून प्राध्यापक भरतीचा प्रश्न आणि पोर्टफोलिओचा प्रश्न वेगळे नाहीत.

तिसरा धोका मालकीचा. ही सगळी माहिती कुणाच्या संगणकावर राहणार? कॉलेजने खासगी कंपनीशी करार केला आणि विद्यार्थी बाहेर पडताच त्याचे पान बंद झाले तर? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती देणाऱ्याच्या संमतीला आणि माहिती दुरुस्त करून घेण्याच्या, पुसून घेण्याच्या हक्काला स्थान आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा पुस्तकात असून चालत नाही, तो मागणारा लागतो.

उद्यापासून काय करता येईल?

सरकार आणि विद्यापीठे जागी होण्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. हातात मोबाईल आहे, तेवढ्यावर सुरुवात होते. कॉलेजात कोणताही अहवाल जमा करण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो किंवा पीडीएफ आपल्याकडे ठेवा. प्रत्येक वर्षाचा वेगळा फोल्डर करा. कामाला तारीख घाला. गटाने केलेल्या प्रकल्पात आपला वाटा नेमका कोणता, हे प्रामाणिकपणे लिहा. शेवटी पाच ओळी चिंतनाच्या. त्या मराठीत लिहा. विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत तो आधी उतरू द्या, इंग्रजी नंतर करता येते. एक प्रत मोबाईलवर, एक मेलवर, एक पेनड्राईव्हवर ठेवा.

आणि काही गोष्टी टाळा. आधार क्रमांक, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांचे फोटो सर्वांना दिसणाऱ्या पानावर टाकू नका. ज्यांची पाहणी केली त्यांची नावे, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी रुग्णांचे फोटो, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पक्षकारांचे तपशील देऊ नयेत. त्यांच्या अब्रूवर आपले करिअर उभे करायचे नाही. कायद्याच्या मुलांनी हेही लक्षात ठेवावे की, सनद मिळाल्यावर वकिलाला जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे मनाई आहे. वकिलाच्या संकेतस्थळावर काय चालते याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. विद्यार्थी असतानाचे पान सनद हातात येताच तपासून घ्यावे.

चळवळीने काय करावे? आपल्याकडे विहार आहेत, वसतिगृहे आहेत, अभ्यासिका आहेत. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. आपल्या विचारांच्या अशा शिक्षणसंस्थांनी लाग्वार्डियासारखा पुढाकार घेतला तर महाराष्ट्रातली बाकीची कॉलेजेही मागे येतील. तोवर प्रत्येक अभ्यासिकेत महिन्यातला एक रविवार 'कामाच्या फाईल'साठी राखून ठेवा. सेवानिवृत्त अधिकारी, बँकेतले, इंजिनिअर, शिक्षक, आम्ही वकील, आपण सर्वांनी तिथे बसून एकेका मुलाची फाईल वाचायची आणि त्याला विचारायचे, "हे तू का केलेस?" जो प्रश्न त्याच्या घरी जेवताना विचारला गेला नाही, तो समाजाने विचारायचा.

विद्यापीठांकडे मागण्या मोजक्याच करा. विद्यार्थ्याच्या प्रत्येक प्रकल्पाची प्रत, शिक्षकाच्या शेऱ्यासह, त्याला परत मिळालीच पाहिजे. पोर्टफोलिओ अभ्यासक्रमात घेतला तर त्याला क्रेडिट आणि शिक्षकाला त्यासाठी वेळ व मोबदला मिळाला पाहिजे. पोर्टफोलिओची मालकी विद्यार्थ्याची, कॉलेज सोडल्यावरही. मराठीतले काम इंग्रजीतल्या कामाइतकेच ग्राह्य. आणि पोर्टफोलिओच्या नमुन्यात जातीचा, वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असता कामा नये. आरक्षणासाठी जे दाखले लागतात ते त्यांच्या जागी द्यावेत. तो आपला घटनादत्त हक्क आहे आणि ती फाईल आपण जपणारच. मात्र कामाच्या पानावर कामच असावे.

ती मुलगी पुन्हा आली होती. वैधता प्रमाणपत्र मिळाल्याचे सांगायला. मी तिला पेढा दिला आणि एक कोरी वही दिली. म्हटले, अहवाल गेला असेल, पण आठवण गेली नाही ना? ती वही तिने तीन आठवड्यांत भरून आणली. कुठल्या पालावर काय पाहिले, कुणाशी काय बोलली, तक्ता कसा केला आणि कुठे चुकला. आता ती ते मोबाईलवर टाइप करून, जुने फोटो शोधून जोडते आहे. नोकरी अजून लागलेली नाही. पण परवा फोनवर म्हणाली, "सर, लिहिताना पहिल्यांदाच कळलं, मी एवढं काम केलं होतं."

आपण कोण, हे सिद्ध करण्यात आपल्या तीन पिढ्या गेल्या. आता आपल्याला काय येते, हे दाखवणारी फाईलही घराघरातल्या पेटीत असली पाहिजे. आजच सुरुवात करा.

जय भीम!